ओठ न लागलेले छत्तीस ग्लास

अकोला,
मंगळवार

(तारीख मुद्दाम घातली नाही. हे पत्र चारदा लिहून चारदा फाडलं. त्यातली कोणती तारीख खरी धरायची?)

तीर्थस्वरूप माणिक आत्याबाईस,

तुझ्या हातच्या भाकरीवर वाढलेल्या आणि ती भाकर वाया घालवलेल्या नितेशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? थंडी उतरली की तुला बरं वाटतं आणि बरं वाटलं की तू लगेच ज्वारीची पोती हलवायला जातेस, तेव्हा बरं वाटलं तरी कोणाला सांगू नको. स्वतःलाही नाही. कपिला व्याली का? बागेतली संत्री तोडून झाली का, की व्यापारी अजून येतो-येतो करून राहिला? बाबा कसे आहेत? ते माझं नाव घेतात का? घेत असतील तर नावाच्या पुढेमागे काय जोडतात ते कळवू नको. मी इकडे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तू म्हणशील, आजकाल पत्र कोण लिहितं, फोन काहून केला नाही? फोन गेला, आत्या. चोरीला नाही गेला. बडनेऱ्याच्या फलाटावर मी तो रागानं आपटला, तो बेडकासारखा उसळून रुळांत पडला, आणि मी वाकून पाहतो न पाहतो तोच पॅसेंजर आली. (नेमकी त्या दिवशी वेळेवर.) राग कोणाचा होता ते पुढे येईलच. शिवाय काही गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत. तू मधेच "जेवला का?" विचारतेस आणि मी "हो" म्हणतो आणि बोलणं संपतं. मी शाळेत असताना तू माझ्याकडून पत्रलेखन घोटून घेतलं होतंस, म्हणून शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो आहे. जिथे मले-तुले येईल तिथे समजून घे की राग किंवा लाज आली आहे.

मला तुझ्याकडून काहीएक मागायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फक्त झालं ते कोणाला तरी सांगायचं आहे. अमरावतीत एक घर आहे. त्या घरात तोंड दाखवायला मला जागा उरलेली नाही, आणि जन्मभर जावई म्हणून मला त्याच घरात जायचं आहे. एवढीच अडचण आहे.

मुलीचं नाव प्रियदर्शनी. (आडनाव विचारायची घाई करू नको. माझ्या क्रमानं सांगू दे.) मी इथे अकोल्यात कॉलेजात होतो तेव्हा ती माझ्याच वर्गात होती. अन्नपदार्थांचं शास्त्र शिकायचो आम्ही, म्हणजे ती शिकायची आणि मी तिच्या मागच्या बाकावर बसायचो. दुसऱ्या वर्षी लॅबमधल्या माणसानं मला सगळ्यांसमोर "खेड्यातून येतात अन् काचेचं सामान फोडतात" म्हटलं. काचेचं सामान मी खरंच फोडलं होतं, पण बोलणं मला लागलं. मी तिथेच ॲप्रन काढून फेकला, "या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही" म्हणालो आणि कॉलेज सोडून दिलं. बाबांना वाटतं मी नापास झालो म्हणून सोडलं. तसं असतं तर बरं होतं, नापास माणसाला निदान पुढच्या वर्षी बसता येतं.

तेव्हापासून मी इथे खुशालरावांच्या बिछायत केंद्रात आहे. लग्नाला गाद्या, सतरंज्या, पातेली, ग्लास भाड्यानं देतो आम्ही. माझ्याकडे क्रॉकरी आहे. जाताना मोजून द्यायची, येताना मोजून घ्यायची. (जो माणूस काच फोडतो म्हणून कॉलेजातून निघाला त्याच्याकडे काचेचं खातं कसं दिलं, हे मीही खुशालरावांना विचारलं नाही.) खुशालरावांचा एकच नियम आहे आणि तो ते गिऱ्हाईकाला मंत्र सांगावा तसा सांगतात, "माल भाड्याचा हाये भाऊ, पाहुण्याईले सांगा, तोंड लावू नका. वरून प्या." कारण आपल्याकडच्या बायका भाड्याचा ग्लास उष्टा झाला की परत वापरत नाहीत आणि आम्हाला बोल लावतात. ही गोष्ट लक्षात ठेव, आत्या. सगळा सत्यानाश इथून सुरू होतो.

तर जानेवारीत प्रियदर्शनी दुकानात आली. दोन वर्षांनी. मी त्या वेळी कोणाच्या तरी साखरपुड्यातून आलेली ताटं मोजत होतो, तिला पाहून आकडा विसरलो, पुन्हा मोजली, पुन्हा विसरलो. ती म्हणाली, "नितेश, मला ग्लास पाहिजेत. तीन आकारांचे, प्रत्येकी बारा." तिचा शेवटच्या वर्षाचा प्रयोग होता. मोर्शीकडच्या संत्र्यांची वाईन. (थांब, पत्र खाली ठेवू नको. कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांच्या देखरेखीत, कागदोपत्री परवानगीनं केलेली. तिच्या घरी दारूचा थेंब येत नाही. त्यांनी पंचशील घेतलेलं आहे. आता तुला आडनावाचा अंदाज आला असेल. तायडे. तू विचारशील, कोणते तायडे? तेच.)

वाईन चांगली झाली होती. तिला पाहायचं होतं की एकच वाईन वेगवेगळ्या आकाराच्या ग्लासातून प्यायली तर चव वेगळी लागते का. मला हसू आलं. मी म्हणालो, काही तरीच काय, विहिरीचं पाणी तांब्यात घे नाहीतर बादलीत घे, पाणीच राहते. तिनं चिडून न जाता (ती चिडत नाही, ते खातं माझ्याकडे आहे) समजावून सांगितलं. जिभेला गोड, आंबट, कडू असं थोडकंच कळतं, बाकीची सगळी चव नाकाला कळते. म्हणून सर्दीत तुझ्या हातचं पिठलंही मातीसारखं लागतं. ज्या ग्लासाचं पोट मोठं आणि तोंड आवळलेलं, त्यात वाईनचा वास पोटात जमून राहतो आणि घोट घेताना नाक आपसूक ग्लासात जातं. पसरट ग्लासातून वास उडून जातो. सरळ उभ्या ग्लासात तो जमायला जागाच नसते. आमच्याकडे तिन्ही प्रकार निघाले. खुशालरावांनी एका बंद पडलेल्या हॉटेलचं सामान उचललं होतं. पोटवाले ग्लास आम्ही लग्नात वऱ्हाडाला सरबत द्यायला वापरतो, पसरट ग्लासात आइस्क्रीम देतो, आणि सरळ ग्लासात नॅपकिन खोचतो. छत्तीस ग्लास मी स्वतः घासले. इतके की खुशालराव म्हणाले, "एवढं तं तू सोताचं तोंड घासत नाईस."

तिला चाखायला बारा माणसं हवी होती. वाईन कधी न घेतलेली, साधी, आपल्याकडची. मी म्हणालो, माणसं माझ्यावर सोड. आमचा टेम्पोवाला किशोर, दोन आचारी, बँडमधला क्लॅरिनेटवाला, मंडप बांधणारे पाच जण आणि असेच आणखी तिघं गोळा केले, सगळ्यांना आंघोळी करायला लावल्या आणि टेम्पोतून कॉलेजात नेले. ज्या दारात पाय ठेवणार नाही म्हणालो होतो त्या दारात पाय ठेवला. (आधी डावा पडला. मग मागे जाऊन उजवा ठेवला.) लॅबचा तोच माणूस तिथे होता. त्यानं माझ्या हातातल्या काचेच्या क्रेटकडे पाहिलं आणि टेबल सरकवून घेतलं.

तिथली पद्धत अशी की प्रत्येक चाखणारा वेगळ्या कप्प्यात बसतो, मधे फळ्या, समोर छोटी खिडकी. खिडकीतून प्रियदर्शनी ग्लास सरकवणार, माणूस चाखणार, फॉर्मवर एक ते नऊ गुण देणार, ग्लास परत सरकवणार. तिला माणूस दिसत नाही, त्याला ती दिसत नाही, म्हणजे कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहून गुण देत नाही. आतल्या बाजूला माणसं बसवायचं काम माझं होतं. आणि बसवताना, आत्या, मी त्या बाराही जणांना आपल्या धंद्याच्या सवयीनं बजावून सांगितलं, "माल भाड्याचा हाये, तोंड लावू नका."

मी हे बोललो ते मला ऐकूही आलं नाही. आपण घराबाहेर पडताना कडी लावतो ती जशी आठवत नाही, तसं.

निकाल लागला. बाराही जणांनी तिन्ही ग्लासांना सारखे गुण दिले होते. शेऱ्याच्या जागी एका आचाऱ्यानं "मीठ कमी" लिहिलं होतं, क्लॅरिनेटवाल्यानं "अजून द्यावे". सरांनी कागद चाळले आणि चष्मा काढला. आता मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मला चेव आला. वाटलं, दोन वर्षांपूर्वीचा हिशेब आज चुकता होतो. मी टेबलावर हात आपटून सरांना, लॅबच्या त्या माणसाला आणि (काय करू, तीही समोर उभी होती) प्रियदर्शनीलाही भाषण दिलं. हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत, आमच्या बापाच्या बागेतल्या संत्र्याला पोटवाला ग्लास लागत नाही, पुस्तकं वाचून चव कळत नाही, असं बरंच काही. हात तिसऱ्यांदा आपटला तेव्हा पोटवाला एक ग्लास कडेला आला आणि पडला. लॅबच्या माणसानं छताकडे पाहिलं.

प्रियदर्शनी माझ्याकडे पाहतच नव्हती. ती एकेक ग्लास उचलून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहत होती. पाच पाहिले, दहा पाहिले, सगळे पाहिले. मग म्हणाली, "नितेश, एकाही काठावर ओठाचा डाग नाही."

मी अभिमानानं म्हणालो, "राहीनच कसा? मीच सांगतलं तसं."

किशोरनं कप्प्यातून डोकं बाहेर काढून विचारलं, "म्हंजे, वास घ्याचा होता काय?" बारा माणसांनी डोकं मागे टाकून, ग्लास उंच धरून, धार सोडून वाईन प्यायली होती. नाक ग्लासापासून एक वीत लांब. मग ग्लासाचं पोट मोठं असो की तोंड लहान, वास कोणाला येणार होता? तिची चार महिन्यांची मेहनत माझ्या एका वाक्यानं गटारात गेली, आणि वर त्याच निकालाच्या जोरावर मी तिला शिकवून राहिलो होतो. सरांनी तिला प्रयोग पुन्हा करायला महिनाभर दिला. मला कोणीच काही दिलं नाही, आणि ते जास्त लागलं.

ती रागावली असती तर मी उलट रागावलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. पण ती फाटकापाशी म्हणाली, "येत्या रविवारी घरी ये. आधी तू तोंड लावून प्यायला शीक, मग तुझ्या माणसांना शिकव. आणि बाबांनाही तुला पाहायचं आहे." शेवटचं वाक्य ऐकल्यावर आधीची दोन मी विसरलो. माझं हे असं होतं, आत्या. महत्त्वाचं वाक्य सोडून मी गोड वाक्य घरी घेऊन जातो.

रविवारी पांढरा शर्ट घालून अमरावतीला गेलो. तिचे वडील देवमनजी बडनेऱ्याला रेल्वेत होते, रूळ बदलायच्या कामावर, आता रिटायर आहेत. आई दुर्गाबाई अंगणवाडीत आहे. मी दारात नमस्कार म्हणालो, ते जयभीम म्हणाले, मग मी घाईनं जयभीम म्हणालो, तोवर ते नमस्कार म्हणाले होते. असे दोघंही एकमेकांच्या जागी पोहोचून थांबलो. ते हसले. म्हणाले, "बस बाबू. गाडी वेळेवर आली ना?" मी म्हणालो, उशिरा आली. ते म्हणाले, "आमच्या वेळेलेही येत होती." मला वाटलं, जमलं.

प्रियदर्शनीनं बागेतल्या संत्र्यांचा रस काढला होता. (आपल्याच बागेतल्या. मी पिशवीभर नेली होती. बाबांना सांगू नको, किशोरनं आणून दिली.) वाईन नाही, तिथे साधा रसच, पण ग्लास तोच पोटवाला, आमच्या दुकानातला. तिनं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नाक आत घाल, सावकाश वास घे, मग काठाला ओठ लाव." सोपं होतं. मी तीन दिवस खोलीवर आरशासमोर त्याचा सराव केला होता. पण देवमनजी समोर बसून बघत होते, दुर्गाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, माझे कान तापले, आणि आत्या, माझा हात आपोआप वर गेला. डोकं मागे गेलं. वीस वर्षांची सवय तीन दिवसांच्या सरावाला कुठे ऐकते?

लॅबमध्ये ग्लासात घोटभरच वाईन होती, पण भरलेल्या पोटवाल्या ग्लासातून नीट धार पडत नाही हे मला माहीत नव्हतं. तोंड आवळलेलं असल्यामुळे रस आधी येतच नाही. मी आणखी वाकडा केला. मग तो सगळा एकदम आला. अर्धा नाकात (वास घे म्हणाली होती, घेतला), बाकीचा शर्टावर. मी ठसकत, खोकत, डोळे पुसत उभा राहिलो. आणि तेव्हा लक्षात आलं की कोणी हसत नाही.

मले आधी समजलंच नाई. आपल्या घरी सगळेच वरून पितात. मला वाटलं, शर्ट खराब झाला म्हणून त्यांना वाईट वाटलं. मग देवमनजी अगदी हळू म्हणाले, "असू दे बाबू. आमच्या घरातलं पानी लोकं वरूनच पेत आले. शर्ट मात्र पयल्यांदाच भिजला."

तिथे मी पायांवर पडायला पाहिजे होतं. तर मी काय केलं? मी तापलो. मी तसा नाही हे मला त्यांना सांगायचं होतं, आणि मला सांगता येतं ते ओरडूनच. मी म्हणालो, "मी तसा नाई! आमच्या घरी समदेच असे पितात! माझी आत्या तं माझ्या बापाच्या ग्लासालेही तोंड लावत नाई, अन् तुमी काय घेऊन बसले!"

दुर्गाबाई म्हणाल्या, "आमी काई घेऊन बसलो नाई. ग्लास घेऊन तूच उभा हायेस."

खरंच मी रिकामा होत आलेला ग्लास हातात धरून त्यांच्या सतरंजीवर रस ठिबकवत उभा होतो. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुझी आत्या आमच्याकडं आली, तर चहा घेईन का?"

आणि मी, आत्या, पटकन, खरं-खोटं काही विचार न करता बोलून गेलो, "आत्याले पित्त हाये."

दुर्गाबाई हसल्या. रस सांडल्यापासून पहिल्यांदाच कोणी मोकळं हसलं. म्हणाल्या, "मले वाटलंच. आमच्या दारात येतात त्या समद्या बायांईले पित्त राहते. नळाचं पानीच खराब असन अमरावतीचं."

मी खरंच असं समजत आलो होतो की तुला पित्त आहे. लहानपणी तुझ्यासोबत गावात जायचो तेव्हा काही घरी तू दोन बशा चहा प्यायचीस (तुझी स्वतःची बशी पिशवीतून काढून) आणि काही घरी ओसरीवर बसूनच म्हणायचीस, चहा नको बाई, पित्त होते. मी ते पित्त खरं धरून तुझ्यासाठी आवळ्याची सुपारी जपून ठेवायचो. त्या खोलीत ओल्या शर्टानं उभा असताना मी मनातल्या मनात ती घरं मोजली, कोणत्या घरी पित्त झालं आणि कोणत्या घरी झालं नाही. हिशेब चोख निघाला. एकदाही चुकला नाही.

देवमनजी उठले. माझ्या हातातला ग्लास त्यांनी काढून घेतला. तळाशी दोन घोट उरले होते. म्हणाले, "वाया काहून जाऊ द्याचं? उष्टं तं झालंच नाई." आणि नाक आत घालून, डोळे मिटून, काठाला ओठ लावून सावकाश प्यायले. मग मुलीकडे पाहून म्हणाले, "सालीचा वास येते बाई. सोलतानी डोळ्यात उडते ना, तसा." तिच्या सगळ्या प्रयोगात नीट चाखणारा तो पहिला माणूस. त्यांचं नाव फॉर्मवर नव्हतं.

निघताना ते फाटकापर्यंत आले. म्हणाले, "पुढच्या खेपेला घरच्या कोन्या मोठ्या मानसाले घेऊन ये. लग्नाचं बोलून नाई राहिलो मी. पानी प्याले बोलावून राहिलो." आणि प्रियदर्शनीनं तोच ग्लास धुऊन, ओढणीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. एवढंच म्हणाली, "माझा प्रयोग मी पुन्हा करीन. तुझा होतो का पाहा."

बडनेऱ्याच्या फलाटावरून मी तिला अकरा वेळा फोन लावला. तिनं उचलला नाही. उचलला असता तर मी काय बोलणार होतो हेही मला माहीत नव्हतं. त्या बाकड्यावर बसून मला लहानूजी आठवले. तुला आठवतात? आपल्या बागेत झाडांना आळी करायला यायचे, बाबा म्हणायचे की लहानूजीसारखा हात तालुक्यात नाही. त्यांच्यासाठी गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा. मी त्यात वरून पाणी ओतायचो, कप माझ्या तांब्याला लागू न देता. मला तो खेळ वाटायचा, नेम धरून ओतायचा. एकदा, मी सात वर्षांचा असेन, कप सापडला नाही म्हणून मी त्यांना घरातल्या स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं. ते घेईनात. मीच हट्ट केला. ते प्यायले, मग ग्लास स्वतःच्या हातानं राखेनं घासून दगडावर उपडा ठेवून गेले. आणि संध्याकाळी तू तो ग्लास चिमट्यात धरून चुलीच्या विस्तवावर लालसर होईपर्यंत तापवलास. मी विचारलं, "काहून?" तू म्हणालीस, "डाग होता." मी मोठा होईपर्यंत त्या ग्लासावर डाग शोधत राहिलो.

मी तुला दोष देत नाही, आत्या. तो कप कोनाड्यात परत ठेवायचं काम माझंच होतं, आणि मी ते कधी चुकवलं नाही. बारा जणांना "तोंड लावू नका" म्हणालो तोही मीच. राग आला होता तो या माणसाचा. पण स्वतःला आपटता येत नाही, म्हणून फोन आपटला.

आता पंधरा दिवस झाले. मी खोलीवर रोज एक संत्रं पिळतो, अर्धा रस स्टीलच्या ग्लासात आणि अर्धा त्या पोटवाल्यात. आधी स्टीलचा, वरून. मग दुसऱ्यात नाक घालून, काठाला ओठ लावून. आत्या, फरक पडतो. मी हरलो. काठ इतका पातळ आहे की ओठाला काच लागतच नाही, फक्त रस लागतो, आणि श्वास घेतला की सगळी बाग नाकात येते, साल, देठ, पानाचा कडवटपणासुद्धा. जन्म संत्र्यांच्या बागेत गेला आणि संत्र्याचा वास मला अकोल्यात भाड्याच्या ग्लासात लागला. लांबून ओतलं तर घशाला ओलावा कळतो. बाकी काही कळत नाही.

किशोरनं आणि बाकीच्यांनी पण सराव केला आहे. प्रियदर्शनीचा प्रयोग पुढच्या आठवड्यात पुन्हा होणार आहे, आणि या वेळी ग्लास उष्टे झाले तर मी भरून देईन असं खुशालरावांना लिहून दिलं आहे. ते म्हणाले, "पोरगं सुधरलं का बिघडलं, काई समजून नाई राहिलं."

बस, एवढंच सांगायचं होतं. मन हलकं झालं. बाबांना माझा नमस्कार सांग, सांगण्यासारखी वेळ असेल तर. गुडघ्यांना जप. पत्र वाचताना मोठ्यानं वाचू नको, शेजारच्या पार्बताबाईंचे कान अजून शाबूत आहेत.

तुझा, अजून शिकत असलेला,
नितेश

ता. क. : पत्रात काही मागणार नाही म्हणालो होतो. हे पत्र नाही, ताजा कलम आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, तेव्हा घरचं मोठं माणूस म्हणजे तूच. या रविवारी किशोर टेम्पो घेऊन चांदूर बाजारला गाद्या पोचवायला येतो आहे, परतताना तुला पुढच्या सीटवर बसवून अमरावतीला आणेल. गुडघ्यांसाठी उशी ठेवायला सांगितली आहे. तिथे मी तुझ्या बाजूलाच बसेन. लग्नाचं कोणी काही बोलणार नाही. फक्त पाणी प्यायचं आहे.

आणखी ता. क. : बशी आणू नको. आणि रविवारी पित्त होऊ देऊ नको. एवढ्या वर्षांत ते तुझ्या हुकमावर आलं तसं एक दिवस हुकमावर थांबवता येईल, असं मला वाटतं. नसेल जमत तर येऊ नको, मी त्यांना सांगेन की आत्याचे गुडघे दुखतात. गुडघे तरी खरे दुखतात.

अगदी शेवटचा ता. क. : किशोर उद्याही तिकडून सतरंज्या आणायला येतो आहे, त्याच्याजवळ या पत्रासोबत ओढणीच्या फडक्यात गुंडाळलेला एक ग्लास पाठवतो आहे, रविवारपर्यंतच्या सरावासाठी. रस अर्धाच भर, नाक आधी घाल. त्या ग्लासातून देवमनजी प्यायले आहेत आणि त्यानंतर पंधरा दिवस मी. रोज धुतला आहे. तुला पुन्हा धुवावासा वाटला तर धू, राखेनं घास, मी काही म्हणणार नाही. पण विस्तवावर धरू नको, आत्या. काचेचा आहे, तडकेल.